मालावर बसलेली माणसे

चालत्या वाहनावरून कामगार पडतो, तेव्हा तो बहुधा बसण्यासाठी केलेल्या जागेवर बसलेला नसतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा माथा, ट्रॅक्टरचे मडगार्ड, ट्रॉली जोडण्याचा लोखंडी दांडा, कचरागाडीची मागची पायरी, टेम्पोचा फाळका, सिमेंटच्या पोत्यांची थप्पी, या त्या जागा. वाहन बनवणाऱ्याने तिथे माल राहील, जोड राहील किंवा चाकाचा चिखल अडेल एवढाच विचार केलेला असतो. माणूस तिथे जातो, कारण त्याला कामावर पोचायचे असते, कामावरून परतायचे असते किंवा मालाबरोबर राहणे हेच त्याचे काम असते. त्याला न्यायला दुसरे वाहन कोणी ठेवलेले नसते.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला दगावल्या. अशा वेळी राज्यभर हळहळ होते, मदत जाहीर होते. एकटी बाई ट्रॉलीवरून पडते, एकटा गडी मडगार्डवरून निसटतो, तेव्हा तालुक्याच्या पानावर चार ओळी आल्या तर येतात. पोलिसांच्या दप्तरी तो रस्ता अपघात असतो. वाहन कोणते, रस्ता कोणता, हे त्यात लिहिले जाते. पडलेला माणूस त्या घडीला कोणाच्या कामावर होता, याला तिथे जागा नसते. कारखाना निरीक्षकांची नोंद कारखान्याच्या भिंतीआड थांबते. या दोन वह्यांच्या मधल्या फटीत ही माणसे हरवतात. त्यामुळे दर वर्षी अशी किती माणसे पडतात याचा भरवशाचा आकडा हाती येत नाही. मात्र ती कशी पडतात, हे नीट सांगता येते.

फडातून काट्यापर्यंत

महाराष्ट्रात हे चित्र सर्वांत ठळक दिसते ते ऊसतोडीत. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यातली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात पाच-सहा महिने राहतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी तोड करायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. मजुरी तोडलेल्या आणि भरलेल्या उसाच्या टनावर मिळते.

पहिला धोका निघण्याच्या दिवशीच भेटतो. ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत आधी संसार चढतो: पत्र्याची पेटी, धान्याची पोती, कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, चुलीची भांडी, कोंबड्यांची डालगी, कधी शेळी. सामान फाळक्याच्या वर येते आणि त्यावर माणसे बसतात. म्हाताऱ्या बायका व लेकुरवाळ्या मधोमध, तरणी पोरे कडेला. कडेला बसलेल्याच्या हाताला धरायला दोरी असते, आणि ती दोरी सामान बांधलेली असते. सामान हलले की दोरी सैल पडते. प्रवास रात्रभराचा असतो, म्हणून कडेचा माणूस बसल्या बसल्या झोपतो.

हंगाम सुरू झाला की धोका रोजचा होतो. टोळीच्या कामाच्या तीन पद्धती आहेत आणि वाहनानुसार पडण्याची तऱ्हा बदलते. ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’मध्ये ऊस बैलगाडीने जातो. ‘डोकी सेंटर’मध्ये मोळी डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकतात.

डोकी सेंटरवरची भरणी पाहिली की अपघाताचा मूळ धागा हाती लागतो. तोड पहाटेपासून चालू असते. वाहन मात्र कारखान्यावर रिकामे होऊन परत येईल तेव्हा येणार, म्हणजे दुपारी, संध्याकाळी, पुष्कळदा रात्री. वाहन आले की झोपलेली टोळी उठते. ट्रॉलीला फळी टेकवतात. खालचा माणूस मोळी उचलून देतो, डोक्यावर मोळी घेतलेली बाई किंवा गडी फळीवरून वर चढतो, वरचे एक-दोघे मोळ्या आडव्या-उभ्या रचत जातात. उसाच्या कांड्यांवर मेणचट पांढरा थर असतो, त्यावर रात्रीचे दव पडले की पाय ठरत नाही. फडातल्या मोळ्या एका जागी नसतात, ओळीने पडलेल्या असतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी ओरडते, ‘गाडी पुढं घे!’ ड्रायव्हर क्लच सोडतो, चाक सरीवरून वर येते आणि दाणकन खाली जाते. वर रचणारा त्या क्षणी उभा असतो, दोन्ही हात मोळीत गुंतलेले असतात. गाडी आठ-दहा हातच पुढे जाते. एवढ्याशा अंतरासाठी कोणी खाली उतरत नाही, बसतसुद्धा नाही. त्यामुळे भरणीच्या वेळी महामार्गावरच्या वेगापेक्षा हा आठ-दहा हातांचा धक्का घातक ठरतो.

भरणी संपली की ट्रॉलीचा माथा जमिनीपासून दहा-बारा फुटांवर गेलेला असतो. टोळीला आता कोपीवर परतायचे असते. फड आणि कोपी यांत दोन कोस अंतर असते, अंधार असतो, सकाळपासून पोटात फारसे काही नसते, आणि ट्रॅक्टर त्याच वाटेने जाणार असतो. माणसे माथ्यावर चढतात. जनावरांसाठी किंवा विकण्यासाठी बांधलेली वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढीही वर जाते, आणि बसायला मऊ म्हणून तिच्यावरच कोणी बसते. पेंढी बांधलेली असते ती स्वतःपुरती, ट्रॉलीला नव्हे. पाट ओलांडताना, कच्च्या वाटेवरून डांबरी सडकेवर चढताना, गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर ती सरकते आणि तिच्याबरोबर माणूस.

बैलगाडीची गोष्ट निराळी. कारखान्याने दिलेली टायरगाडी दोन-अडीच टन ऊस वाहते. बैल हाकणारा पुढे जोखडाजवळच्या अरुंद जागेत बसतो. बैलांना रस्ता पाठ असतो, रात्र उलटलेली असते, त्याचा डोळा लागतो. तो पडतो तो बैलांच्या मागे आणि चाकाच्या पुढे. बैल थांबेपर्यंत चाक पुढे गेलेले असते.

पाऊण सेकंद

तीन मीटर उंचीवरून पडणारा माणूस साधारण पाऊण सेकंदात जमिनीवर येतो. आपटताना त्याचा खाली येण्याचा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर असतो, आणि तो वाहन उभे असले तरी एवढाच असतो. वाहन चालत असेल तर त्यात वाहनाचा पुढचा वेग मिसळतो. शरीर वाहन सोडते, पण वाहनाचा वेग शरीराला सोडत नाही. म्हणून माणूस पडतो तिथेच थांबत नाही. घासत, लोळत पुढे जातो. पाय आधी टेकले तर ते जागीच अडतात, धड पुढे जाते आणि डोके आपटते.

याच कारणामुळे ‘हळूच तर चालली होती’ या शब्दांना अर्थ उरत नाही. ताशी पंधरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून जास्त. दांड्यावर बसलेला माणूस निसटला, तर तो ट्रॉलीच्या चाकापुढे दोन-तीन मीटरवर पडतो. रस्त्याला घासून त्याचा वेग मरतो, मागून येणाऱ्या चाकाचा मरत नाही. ते अंतर चाक अर्ध्या-पाऊण सेकंदात कापते. ड्रायव्हरला कळून त्याचा पाय ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद लागतो, आणि तोही त्याला कळले तर. तो पुढे पाहत असतो. इंजिनाचा आवाज असतो. वर मोठ्या आवाजात साउंड लावलेला असला, तर मागची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, ट्रॅक्टरच्या ब्रेकवर सगळा भार थांबवायचा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की ब्रेक दाबल्यावरही मागचे टनभार वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते. एवढे सगळे एका सेकंदात घडते. म्हणून या अपघातात ड्रायव्हरच्या कौशल्यावर भिस्त ठेवता येत नाही. माणूस कुठे बसला होता, यातच पुष्कळसा निकाल आधी लागलेला असतो.

मडगार्ड

ट्रॅक्टरला बहुधा एकच आसन असते. तरीही गावच्या रस्त्यावर एकटा ड्रायव्हर असलेला ट्रॅक्टर क्वचित दिसतो. दोन्ही मडगार्डवर एकेक जण, मागे दांड्यावर उभा राहिलेला तिसरा. पेरणीला, फवारणीला, खत टाकायला जाणारा सालगडी मालकाच्या ट्रॅक्टरवर असाच जातो. मडगार्डचा पत्रा उतरता असतो आणि त्याच्या खाली माणसाच्या छातीइतक्या उंचीचे मागचे चाक फिरत असते. मागच्या बाजूला तोल गेला तर माणूस ट्रॉलीच्या पुढ्यात जातो. पुढच्या बाजूला गेला तर त्याच ट्रॅक्टरचे मोठे चाक त्याच्यावर येते.

ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडलेला असेल, तर पडणाऱ्याला वाचायची संधी जवळजवळ नसते. पाती फिरत असताना मागे कोणीही असू नये, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असते. पण ढेकळे पुरेशी फुटत नाहीत असे वाटले की रोटाव्हेटरवर वजन हवे म्हणून दगड ठेवतात, आणि कधी दगडाऐवजी माणूस उभा करतात. शेतात पोरे बापाबरोबर मडगार्डवर बसून फेऱ्या मारतात. ती कामगार नसतात, पण ती जागा कामाचीच असते आणि ते यंत्र त्यांना ओळखत नाही. इथे कितीही सौम्यपणे लिहायचे म्हटले तरी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी: चालू रोटाव्हेटरच्या ट्रॅक्टरवर दुसरे माणूस चढू देणारा मालक त्या माणसाचा जीव पणाला लावतो.

मागची पायरी

शहरात हीच गोष्ट कचरागाडीवर दिसते. कॉम्पॅक्टरच्या मागे, हौदाच्या दोन्ही बाजूंना, एकेक पायरी आणि उभा दांडा असतो. दोन कामगार तिथे उभे राहतात, डबे ओतण्यासाठी उतरतात, पुन्हा चढतात. एका गल्लीत दहा-बारा ठिकाणी थांबायचे असेल, तर प्रत्येक वेळी पुढे जाऊन केबिनमध्ये बसणे शक्य नसते. त्यामुळे थोड्या अंतरासाठी, अगदी हळू, पायरीवर उभे राहण्याची मुभा इतर देशांतही आहे. अमेरिकेतल्या प्रमाणित नियमांत त्यासाठी ताशी दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. अंतर मैलाच्या एक पंचमांशाहून जास्त नसावे आणि गाडी मागे घेताना पायरीवर कोणीही नसावे, असे म्हटले आहे. तिथल्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने कचरागाड्यांखाली सापडून होणाऱ्या मृत्यूंबद्दल १९९७ साली स्वतंत्र इशाराच काढला होता.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गल्ली संपल्यावरही माणूस पायरीवरच राहतो, कारण केबिनमध्ये जागा नसते. ड्रायव्हर आणि एक-दोघे पुढे मावतात, उरलेले मागे. मग उड्डाणपूल, मोठे चौक आणि थेट कचराभूमीपर्यंतचा प्रवास उभ्यानेच होतो. पायरी कोरडी कधीच नसते. ओल्या कचऱ्याचे पाणी हौदातून निथळत तिच्यावर येते. गमबूट असले तर त्यांचे तळवे झिजून गुळगुळीत झालेले असतात. हातमोजे असले तर ते चिकट झालेले असतात, आणि दांडा घट्ट धरण्यासाठी कामगार ते काढून ठेवतो. छोट्या शहरांतल्या घंटागाडीवर वेगळीच रीत आहे: गाडी भरली की एक जण कचऱ्यावर चढून तो पायाने दाबतो, ताडपत्री ओढतो आणि तिच्यावरच बसतो. म्हणजे इथेही मालावर माणूस.

गाडी मागे घेतानाचे पडणे सर्वांत वाईट. अरुंद गल्लीत ड्रायव्हरला मागचे दिसत नाही, म्हणून पायरीवरचा कामगारच त्याला ‘येऊ दे, येऊ दे’ सांगतो. तो घसरला तर सांगणाराही तोच आणि चाकामागचाही तोच.

या कामातली बरीच माणसे कंत्राटी असतात. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाने अनेक वर्षे चालवलेल्या लढ्यानंतर. कायम कामगार जखमी झाला तर भरपगारी रजा, औषधोपचार, वारसाला नोकरी अशा गोष्टींवर निदान बोट ठेवता येते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत पहिला प्रश्न येतो तो हा की, त्या दिवशी तो हजेरीवर होता हे कोण सांगणार?

बोलतोय म्हणजे बरा आहे

पडलेल्या माणसाला पहिली मदत मिळते ती सोबत्यांची. ती मनापासूनची असते, आणि कधी कधी तीच महागात पडते.

माणूस पडतो, क्षणभर शुद्ध जाते, मग उठून बसतो. कपडे झटकतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, पाणी पितो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याला कोपीवर नेऊन निजवतात. पहाटे उठवायला जातात तेव्हा तो उठत नाही. डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचू लागते, तेव्हा असे घडते. सुरुवातीला रक्त थोडे असते, म्हणून माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. काही तासांत त्या रक्ताचा दाब मेंदूवर वाढतो. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झोप न उतरणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे ही त्याची लक्षणे. हे रक्त वेळेत काढले तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून चालत्या वाहनावरून डोक्यावर पडलेल्या आणि थोडा वेळ का होईना शुद्ध हरपलेल्या माणसाला तो कितीही नीट बोलत असला तरी दवाखान्यात न्यायला हवे. झोपू देणे हा उपचार नाही.

दुसरी गोष्ट मणक्याची. पाठीवर किंवा मानेवर पडलेल्याला दोघे जण काखेत आणि पायांत धरून उचलतात, मध्ये तो झोळीसारखा वाकतो. मणका मोडला असेल पण आतली मज्जारज्जू शाबूत असेल, तर या उचलण्यात ती दुखावू शकते. चार-पाच जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत धरून त्याला फळीवर घ्यायचे असते. उसाच्या फडात फळी हाताशीच असते, तीच जिच्यावरून मोळ्या वर चढल्या.

तिसरी गोष्ट दिसतच नाही. चाक कमरेवरून किंवा मांडीवरून गेले, तर वरून कातडी फारशी फाटलेली नसते, पण ओटीपोटाच्या हाडांच्या आत रक्त वाहत राहते. माणूस पांढरा पडतो, घामेजतो, तहान लागली म्हणतो. त्याला बसवणे, चालवणे, पाणी पाजणे टाळून लगेच हलवायचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला बोलावताना अडचण येते ती पत्त्याची. परक्या तालुक्यातल्या टोळीला शिवाराचे नाव, फडाच्या मालकाचे नाव, जवळचा फाटा यांतले काही माहीत नसते. रात्री फोन केला तरी ‘कारखान्याच्या रस्त्याला’ यापलीकडे सांगता येत नाही.

आणि घरी पडून राहण्याचा हिशेब वेगळा लागतो. कामावर न आलेल्या दिवसाला टोळीत ‘खाडा’ म्हणतात आणि तो मजुरीतून कापला जातो. कोयता जोडीचा असल्याने एक जण जखमी झाला की दुसऱ्याचेही काम अडते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. पाय मोडलेला माणूस कर्ज घेऊन घरी जातो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

तो गाडीत कोण होता?

भरपाईचे प्रकरण उभे राहिले की सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो: पडला तेव्हा तो गाडीत कोण होता? प्रवासी, मालाचा मालक, की मालकाचा कामगार?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ नुसार वाहनाच्या पायरीवर, टपावर, बॉनेटवर किंवा वाहनाच्या अंगाबाहेर कोणालाही बसवून नेण्यास मनाई आहे. नेणारा दोषी आणि जाणाराही दोषी. विमा कंपनी याच मनाईकडे बोट दाखवते. त्यात मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर सक्तीने येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात ठरवले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असेल, किंवा वाहनमालकाचा कामावरचा माणूस असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून एकच बाई, एकाच ट्रॉलीवरून, एकाच ठिकाणी पडली तरी कागदावर ती ‘ट्रॉलीत बसून जात होती’ की ‘ऊस भरून कामावरून परत जात होती’ यावर तिच्या कुटुंबाचे भवितव्य ठरते. हा फरक पहिल्या जबाबातच पडतो. जबाब लिहून घेतला जातो रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात, आणि त्या वेळी तिथे पुष्कळदा मुकादमच बोलत असतो.

बैलगाडीवरून पडलेल्याला हा रस्ताही नाही. यंत्रावर चालत नाही ते मोटार वाहन नव्हे, त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार त्याला बंद असते. त्याला उरतो कामगार भरपाईचा कायदा, जो मुळात १९२३ सालचा आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला. मोटारीवरून पडलेल्या कामगाराला दोन्ही वाटा खुल्या असतात, पण त्यांतली एकच निवडावी लागते.

कामगार भरपाईचा हिशेब सरळ आहे. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी हा अंक २०७.९८ आहे. २०२० साली या हिशेबापुरती मासिक मजुरीची मर्यादा १५,००० रुपये केली गेली. त्या मर्यादेइतकी मजुरी धरली, तर तीस वर्षांच्या कामगाराच्या वारसांना १५,५९,८५० रुपये मिळायला हवेत. गणित अडते ते मजुरी सिद्ध करताना. टनावर मिळणारी मजुरी मुकादमाच्या वहीत कोयत्याच्या नावे असते आणि कोयता बहुधा नवऱ्याच्या नावे. बायको पडली तर तिची महिन्याची मजुरी किती, याचा एकही कागद नसतो. तिने निम्मा ऊस तोडलेला असतो, निम्म्या मोळ्या वर चढवलेल्या असतात, पण वहीत ती नसते.

मालक कोण, हा दुसरा गुंता. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी. प्रत्येक जण पुढच्याकडे हात दाखवतो. आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकावर भरपाईची जबाबदारी टाकण्याची तरतूद जुन्या कायद्यात होतीच. ऊस आणणे हे साखर कारखान्याच्या धंद्याचे काम आहे, हे सिद्ध करण्यासाठी खरे तर वकिलाचीही गरज पडू नये.

‘काम संपले होते, तो घरी चालला होता’ हा बचाव मात्र आता पूर्वीइतका चालत नाही. याचे मूळ मुंबईतच आहे. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी आगारात गाडी लावून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी इस्पितळात वारला. त्याच्या विधवेने दावा लावला. चालकांना बसने मोफत ये-जा करू देणे हे सेवा नीट चालावी म्हणूनच होते, तेव्हा तो प्रवास कामाचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बहुमताने ठरवले.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा आणि थेट साखर कारखान्याचा आहे. मराठवाड्यातला एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी कारखान्याकडे निघाला आणि पाच किलोमीटर अलीकडे रस्त्यात अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास, वेळ आणि ठिकाण यांचा कामाशी संबंध जुळत असेल, तर तो कामातच धरायचा, हे त्यातून पक्के झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही गोष्ट आता लिहिलेली आहे. त्या रखवालदाराच्या घरच्यांना बावीस वर्षे वाट पाहावी लागली. पुढच्या दाव्यांत तेवढी लागू नये, यासाठी हे दोन निकाल टोळीपर्यंत पोचायला हवेत.

जागा करणे

पडणे टाळण्यासाठी फार अवघड तंत्र लागत नाही. माल आणि माणूस वेगळे नेले की बहुतेक अपघात घडतच नाहीत. टोळीत पंधरा-वीस माणसे असतात. एका शिवारात दोन-तीन टोळ्या काम करतात. त्यांना पहाटे कोपीवरून फडात आणि रात्री परत आणण्यासाठी बाकडी असलेले एखादे वाहन पुरते. त्याचा खर्च टनावर वाटला तर किती येतो, हा हिशेब कारखान्याचा शेतकी विभाग एका बैठकीत करू शकेल. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती टोळ्यांनी संप आणि वाटाघाटी करून मिळवली. त्या बोलण्यांत दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर भर होता. प्रवासाचा खर्च कोणाचा, हा प्रश्न त्याच टेबलावर ठेवण्याजोगा आहे.

जिथे वेगळे वाहन शक्य नाही, तिथे रिकाम्या ट्रॉलीच्या तळाशी, फाळक्याच्या आत, भिंतीला टेकून बसणे आणि फाळका बंद ठेवणे एवढ्यानेही फरक पडतो. दांड्यावर आणि मडगार्डवर कोणी असेल तर ड्रायव्हरने गाडी सुरूच करायची नाही. भरणी चालू असताना गाडी पुढे घ्यायची असेल, तर हाक मारायची एकानेच, आणि वरच्यांनी बसून ‘हो’ म्हटल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. यात वेळ जातो, हे खरे. पण एका ट्रॉलीमागे असे दहा थांबे धरले आणि प्रत्येकी अर्धा मिनिट दिला, तरी पाच मिनिटांवर जात नाही. कचरागाड्यांच्या बाबतीत महापालिकेच्या निविदेतच सगळ्या कामगारांना बसता येईल अशी केबिन मागता येते, मागच्या पायरीला खडबडीत जाळी लावता येते, आणि गाडी मागे घेताना दिशा दाखवणारा माणूस जमिनीवर, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा उभा करता येतो.

हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांच्या मागे रेडियम आणि लाल कापड लावण्याची मोहीम अनेक ठिकाणी चालते. मागून येणाऱ्या मोटरसायकलस्वारासाठी ती चांगलीच आहे. वर बसलेल्यासाठी तसे काही होत नाही. त्याच्यासाठी जे करायचे ते करारात करावे लागेल: वाहनाचा क्रमांक, कोयत्यांची संख्या आणि उचलीची रक्कम लिहिली जाते, त्याच कागदावर टोळी कामावर कशाने जाईल आणि कशाने परतेल हे लिहायचे. बायकोचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहायची. शिवारात पोचल्यावर १०८ ला सांगायचा पत्ता मुकादमाच्या फोनमध्ये आधीच असायचा. हे करार पावसाळ्यात, उचल वाटताना होतात. दिवाळीत गाड्या निघतात तेव्हा कागद होऊन गेलेले असतात. म्हणून ही बोलणी व्हायला हवीत आषाढ-श्रावणात, मुकादम गावात उचल घेऊन येतो तेव्हा.